लेझर आधी की ब्रेक आधी? फॅब्रिकेशनवाल्यांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच सूर आहे: कुठलं मशीन घेऊ? मी भोसरीत पत्र्याचं काम करते. पॅनेल, ब्रॅकेट, मशीन कव्हर असली कामं. शॉपमध्ये पत्रा कापणारा लेझर आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे) ब्रेक, म्हणजे पत्रा दाबून वाकवणारी मशीन आहेत, वेल्डिंगचा एक कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी चालणारा रोबोटचा हात आहे. त्यामुळे जे रोज हाताखालून जातं त्यावरच बोलते. पाच पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

*ताई, आमचं शेती अवजारांचं शॉप आहे. रोटाव्हेटरच्या साइड प्लेटा, पेरणी यंत्राच्या फ्रेमा, ट्रॉलीची कामं. ३ ते १० मिमी एमएस (साधं पोलाद) लागतं. शिअरिंग (पत्रा कातरायचं मशीन), गॅस कटिंग आणि एक जुना मेकॅनिकल ब्रेक आहे. लेझर कटिंग बाहेरून करून आणतो, महिन्याला ७०-८० हजार बिल होतं. बँक ५० लाख द्यायला तयार आहे, विक्रेता ६ किलोवॅटच घ्या म्हणतो. धाकट्या भावाला वाटतं, आता नाही घेतलं तर मागे पडू.*

भाऊ, आधी हप्ता मांडा. ५० लाख, १० टक्के व्याज, पाच वर्षं: महिन्याला १ लाख ६ हजारांच्या वर जातात. त्यात ऑपरेटर, वीज, गॅस, नोझल, प्रोटेक्शन लेन्स आणि पाच वर्षांतल्या दुरुस्त्या धरा. समोर आज वाचणार आहेत ७०-८० हजार. म्हणजे स्वतःच्या कामावर लेझर भागत नाही, बाहेरचं जॉब वर्क घ्यावंच लागणार. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात आजूबाजूला किती लेझर चालू आहेत आणि ते काय दराने कापतात, हे तुम्हीच त्यांना पैसे देता म्हणून तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यांच्याशी दरात भांडून उरलेले तास भरता येतील का, याचं उत्तर सापडल्याशिवाय सही करू नका.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. चालू कामातला एक लॉट घ्या. त्याला तारेने एक कार्ड बांधा. माल शिअरवर कधी आला, कधी सुटला, ब्रेकवर कधी लागला, टॅकिंगला (वेल्डिंगआधी टाके मारायला) कधी गेला, वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेंट, सगळ्याची वेळ त्या त्या माणसाने कार्डावर लिहायची. चार-पाच लॉट असे पुरे करा. मला जी शॉप दाखवायला नेतात तिथे बहुतेक वेळा एकच चित्र असतं: कापलेल्या मालाच्या थप्प्या ब्रेकपुढे नाहीतर वेल्डरपुढे पडलेल्या असतात आणि मालक मात्र कटिंग वाढवायच्या गोष्टी करत असतो. तुमचा जुना मेकॅनिकल ब्रेक बघता माझा अंदाज तोच आहे. लेझर आणला की थप्प्या दुप्पट होतील, गाडी मात्र आहे त्याच दिवशी सुटेल.

कार्डांवर तसंच निघालं तर आधी सीएनसी बॅकगेजचा (पत्रा मापावर अडवणारा मागचा आधार) हायड्रॉलिक ब्रेक घ्या आणि लेझर आणखी वर्षभर बाहेरच ठेवा. पण बाहेर ठेवताना एक गोष्ट घरात आणा: ड्रॉइंग आणि नेस्टिंग, म्हणजे शीटवर पार्ट मांडणं. आज बहुधा तुम्ही कागदावर माप देता आणि लेझरवाल्याकडचा मुलगा त्याची डीएक्सएफ (मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल) करतो. तुमच्याकडच्या एका मुलाला कॅड आणि नेस्टिंग शिकवा. २५०० बाय १२५० ची ३ मिमीची एक शीट साडेत्र्याहत्तर किलो भरते. मांडणी नीट केली आणि भंगारात जाणारा भाग पाच टक्क्यांनी कमी झाला, तर शीटमागे साडेतीन किलोच्या वर पत्रा वाचला. तुमचा महिन्याचा टनेज त्यात घालून बघा. शिवाय लेझरवाला पैसे घेतो ते कापलेल्या लांबीचे आणि पिअर्सिंगचे (कट सुरू करायला भोक पाडण्याचे). दोन सरळ कडा एकाच कटमध्ये निघतील अशा लावल्या, नको असलेली भोकं ड्रॉइंगमधून काढली, की बिल तिथेच उतरतं. उद्या स्वतःचा लेझर आला तर हा मुलगा तयार असेल, आणि माझ्या अनुभवात लेझर रिकामा उभा राहतो तो माणसाअभावी, मशीनअभावी नाही.

आता किलोवॅट. तुमचा जाड माल ऑक्सिजनवर कापला जातो. त्यात लेझर लोखंड तापवतो आणि खरं जाळण्याचं काम ऑक्सिजन करतो, म्हणून पॉवर दुप्पट केली तरी १० मिमीवर वेग दुप्पट होत नाही. पातळ पत्रा नायट्रोजनवर किंवा हवेवर कापताना मात्र पॉवरचा फायदा सरळ दिसतो. तुमच्या ३ ते १० मिमीला ३ किलोवॅट पुरतो. पुढे ३-४ मिमीचाच माल भरपूर आला तर ६ चा विचार ठीक.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ऑक्सिजनने कापलेल्या एमएसच्या कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो. त्यावर पावडर कोटिंग केलं की कड आधी सुटते. अवजार शेतात चिखलात जाणार, कडेपासून गंज धरणार आणि शिव्या तुम्हाला बसणार. एकतर कड घासा, नाहीतर पातळ माल कॉम्प्रेसरच्या हवेवर कापून घ्या. हवेवर कापायचं तर हवा कोरडी आणि बिनतेलाची हवी. ड्रायर आणि फिल्टरच्या पैशाकडे बघून कुचराई केली की तेलाचा थेंब थेट प्रोटेक्शन लेन्सवर जातो.

विजेचंही बघून ठेवा. ३ किलोवॅट हा फक्त बाहेर पडणाऱ्या किरणाचा आकडा. फायबर सोर्स (किरण तयार करणारा भाग) घेतलेल्या विजेच्या साधारण एक तृतीयांश किरण देतो, म्हणजे एकटा सोर्सच ९-१० किलोवॅट ओढतो. चिलर (थंड पाणी फिरवणारं यंत्र), सर्व्हो मोटरी, धूर ओढणारा ब्लोअर वेगळे, आणि कॉम्प्रेसर तर सोर्सपेक्षा जास्त खातो. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज मशीनची ऑर्डर देण्याआधी टाका. मशीन येऊन ताडपत्रीखाली पडलंय आणि भार मंजूर नाही, असं मी पाहिलेलं आहे. हप्ता ताडपत्रीखालीही चालू असतो.

धाकट्या भावाची घाई मला समजते. त्याला म्हणावं, जानेवारीत बेंगळुरूला इमटेक्स हे मशीनचं प्रदर्शन भरतं. पत्रा कापणं-वाकवणं याचं फॉर्मिंगचं प्रदर्शन सम वर्षांत असतं. स्वतःचा पत्रा आणि स्वतःचं ड्रॉइंग घेऊन जा, स्टॉलवर कापून मागा, घड्याळ लावा.

सातपूर, नाशिक

*इलेक्ट्रिकल पॅनेल करतो. २.५ मीटर लांब, ३ मिमीपर्यंत एमएस, अधूनमधून एसएस ३०४ (स्टेनलेस). ब्रेक घ्यायचा आहे. ८० टन चालेल असं एक जण म्हणतो, दुसरा १६० सांगतो. शिवाय आता लेझर ब्लँक (कापलेला सपाट पत्रा) बाहेरून घेतो तर पॅनेलचं दार बसत नाही, दीड-दोन मिमी फरक येतो. दोष कटिंगचा की वाकवण्याचा?*

टनेजचा (ब्रेकच्या दाबाचा) हिशोब अंदाजावर सोडू नका, तो कागदावर येतो. एमएससाठी: जाडीचा वर्ग, गुणिले मीटरमधली लांबी, गुणिले ६५, भागिले खालच्या व्ही-डायचं (ज्या खाचेत पत्रा दाबला जातो तिचं) तोंड मिमीत. तुमच्या कामाला ३ चा वर्ग ९, लांबी अडीच, डाय २४: उत्तर ६१ टन. एसएसला साधारण दीडपट धरा, म्हणजे ९१. तोच पत्रा १६ च्या डायवर वाकवलात तर एमएसलाच ९१ टन लागतात आणि एसएसला १३७. म्हणून ८० वाला एमएसपुरता खरा आहे, एसएसला तो तुम्हाला अडचणीत टाकेल. मी तुमच्या जागी १२० ते १३५ टनांचं, ३ मीटरचं मशीन बघेन आणि एसएस २४ च्या डायवरच वाकवेन. १६० लागत नाहीत.

डाय जाडीच्या आठपट, हा साधा नियम. आतली त्रिज्या डायच्या सहाव्या भागाइतकी येते, २४ ला ४ मिमी. सगळ्यात लहान फ्लँज (वाकवलेली कड) डायच्या ०.७ पट, म्हणजे २४ ला १७ मिमी. त्याहून लहान कड ड्रॉइंगमध्ये असेल तर ती डायमध्ये घसरते. ते ड्रॉइंग बदलून घ्या, ऑपरेटरवर ओरडून काही होणार नाही.

क्राउनिंग (टेबल मध्ये उचलून धरायची सोय) असलेलंच घ्या. अडीच मीटरच्या बेंडला दोन्ही टोकांचा कोन ९० आणि मध्ये ९१-९२ येतो, कारण दाबाखाली बीम आणि टेबल मध्ये फाकतात. पॅनेलवाल्याला हा दोष लपवता येत नाही, दाराच्या फटीतच दिसतो.

आता दाराचं. कटिंगवाल्याशी भांडण्याआधी हे करा. ज्या शीटमधून काम चाललंय तिचाच १०० बाय १०० चा तुकडा कापा, व्हर्नियरने मोजून घ्या. रोजच्या डायवर, बरोबर मधोमध, ९० अंशात वाकवा. आता दोन्ही पाय बाहेरून मोजून बेरीज करा. ३ मिमीच्या एमएसला २४ च्या डायवर ती १०५.७ च्या आसपास येईल. वरचे ५.७ मिमी म्हणजे त्या बेंडची वजावट. ब्लँक काढताना बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला एवढे कमी करायचे. आता तोच प्रयोग १६ च्या डायवर करा. वजावट ५.३ च्या जवळ येईल. बेंडमागे फरक ०.४ मिमी, चार बेंडचं दार म्हटलं की १.६. तुमचा दीड-दोन मिमी इथेच कुठेतरी आहे. ड्रॉइंगवाल्याने सॉफ्टवेअरमधला जो के-फॅक्टर (बेंडचा हिशोब धरायचा आकडा) आधीपासून भरलेला होता तोच ठेवला असणार, आणि तुमचा ऑपरेटर हाताशी असलेली डाय लावतो आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दार मात्र बसत नाही.

तुमच्या प्रत्येक जाडीचा आणि प्रत्येक डायचा असा एक तुकडा वाकवा, त्यावर आकडा पेंटने लिहा आणि ब्रेकशेजारी तारेला टांगा. त्याच आकड्यांचा तक्ता ड्रॉइंगवाल्याला आणि लेझरवाल्याला द्या. ड्रॉइंगवर डायचा नंबर छापल्याशिवाय ब्लँक कापायला सोडू नका. माझ्या शॉपमध्ये अशी माळ आहे. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला ती मोजायला लावते.

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

*वेल्डर टिकत नाहीत. दिवाळीला गावी गेले की परत येत नाहीत. कोबॉट घेतला तर सुटका होईल का? आमचं काम दुचाकीच्या स्टँडचं आणि ब्रॅकेटचं, २०० ते ५०० चे लॉट.*

लॉट कोबॉटला योग्य आहेत. हाताने टॉर्च धरून पॉइंट शिकवता येतात, प्रोग्रामिंगचा माणूस वेगळा लागत नाही. पण कोबॉट आंधळा आहे. तुमचा वेल्डर फट मोठी दिसली की हात थोडा हलवतो, वायर भरतो, पुढे जातो. कोबॉट काल शिकवलेल्या रेषेवरूनच जाणार. रेषा वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त सरकली की वेल्ड सांध्याबाहेर पडतो. १.२ च्या वायरला म्हणजे ०.६ मिमी. तुमचे पार्ट शिअरवर कापलेले आणि जुन्या ब्रेकवर वाकवलेले असतील तर ते ०.६ मध्ये राहणार नाहीत. आजच्या लॉटमधले दहा पार्ट उचला, त्याच एका जिगमध्ये (पार्ट जागेवर पकडणारा साचा) लावा, सांध्यातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. दहाही ०.५ च्या आत असतील तर कोबॉटचं बोलू. नसतील तर तो पैसा आधी जिग-फिक्श्चर आणि ब्रेकमध्ये घाला. सांध्यांना खाच आणि जीभ देऊन लेझरवर कापले तर पार्ट आपसूक जागेवर बसतात, हाही स्वस्तातला मार्ग आहे.

हात लागला की कोबॉट थांबतो, म्हणून त्याला कुंपण नको, असं सांगितलं जातं. सहकारी रोबोटच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ/टीएस १५०६६ हे दस्तावेज २०१६ मध्ये आलं आणि त्यात अख्ख्या कामाचा धोका तपासायला सांगितलं आहे, नुसत्या रोबोटच्या हाताचा नाही. रोबोटचा हात थांबेल, पण टॉर्चच्या टोकाला गरम वायर आहे आणि आर्कचा उजेड आहे. पडदा आणि धूर ओढणारी यंत्रणा लागतेच.

आणि आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला खटकली ती. वेल्डर का टिकत नाहीत, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्र्याचं छत, मे महिना, सीओटूचा स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतोय, दिवसभर धूर नाकात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला आहे. हे तुमच्या पोरांनी वाचलेलं नसेल, पण रात्री खोकला येतो तो त्यांना कळतो. टॉर्चजवळ धूर ओढणारा हुड बसवा, हवा पुरवणारं हेल्मेट द्या. शुद्ध सीओटूऐवजी ८०-२० आर्गॉन-सीओटू मिश्रण लावा. गॅस महाग पडतो, पण स्पॅटर कमी झाला की ग्राइंडिंगचे तास सुटतात. जॉब फिरवायला एक साधा पोझिशनर द्या, वाकून वेल्ड करणं थांबतं. याला कोबॉटच्या मानाने फार थोडा खर्च आहे. हे सगळं केल्यावरही माणसं गेली तर मला परत लिहा.

कुडाळ, सिंधुदुर्ग

*गोव्यातल्या हॉटेलांसाठी एसएस किचनचं काम करतो. टिगच्या (आर्गॉनच्या आर्क वेल्डिंगच्या) जागी हातातलं लेझर वेल्डिंग घ्यावं म्हणतो. डेमोला विक्रेत्याच्या माणसाने साधा काळा चष्मा घातला होता, आमची पोरं उघड्या डोळ्यांनी बघत होती. काही होत नाही म्हणाला. खरं का?*

साफ खोटं. त्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

हे चौथ्या वर्गाचं लेझर आहे, सगळ्यात धोकादायक वर्ग. किरण साधारण १०७० ते १०८० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याचं भिंग तो सरळ दृष्टिपटलावर एकवटतं आणि तिथे जळतं, दुखतही नाही. तुमचं काम चकचकीत एसएसचं, किरण परतून कुठेही जातो. वेल्डिंग करणाऱ्याला, हेल्परला, दारात चहा घेऊन आलेल्या पोरालाही. आर्क वेल्डिंगची काळी काच यावर चालत नाही. चष्म्यावर तरंगलांबी आणि ओडीचा (काच किरण किती अडवते त्याचा) आकडा छापलेला हवा आणि तो तुमच्या मशीनच्या पॉवरला पुरेसा आहे असं उत्पादकाकडून लेखी घ्या. त्याच्या जोडीला चारी बाजूंनी बंद खोली, खिडकीला लेझरचीच काच, दार उघडलं की किरण बंद होईल असा इंटरलॉक. टॉर्च जॉबला टेकल्याशिवाय चालू होत नाही, ही सोय बरी आहे, पण ती खोलीची जागा घेत नाही.

एवढं करणार असाल तर यंत्र तुमच्या कामाचं आहे. १ ते २ मिमी एसएसवर उष्णता कमी जाते, पत्रा कमी वेडावाकडा होतो, बफिंग खूप वाचतं. मात्र सांधा घट्ट हवा, टिगसारखी फट भरून निघत नाही. सिंकच्या आणि टाकीच्या सांध्यांना मागून आर्गॉन दिलाच पाहिजे, नाहीतर आतली बाजू काळी पडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. कोपऱ्यांना टिग ठेवा.

कोकणात म्हणून एक जास्तीचं. पावसाळ्यात ३२ अंश हवा आणि ८० टक्के दमट असेल तर दवबिंदू २८ च्या आसपास जातो. चिलरचं पाणी २२-२३ वर लावून ठेवलंत तर सोर्सच्या आत आणि लेन्सवर दव धरतं. सकाळी बटण दाबलं आणि सोर्स गेला, असं होतं ते यामुळे. मशीन छोट्या एसी खोलीत ठेवा आणि एसी आधी चालू करून खोली कोरडी झाल्यावरच चिलर लावा. शंभर रुपयांचा नव्हे, जरा बरा आर्द्रता-मापक भिंतीला लावा. वॉरंटीत दवाने झालेलं नुकसान धरतात का, हेही विचारून घ्या.

कराड

*माझा मुलगा आयटीआय वेल्डर झालाय. सगळीकडे रोबोट येतायत म्हणतात. पुढे त्याला काम राहील का? एक आई.*

राहील, ताई. रोबोटला शिकवायला वेल्ड कळणारा माणूस लागतो. माझ्याकडचा कोबॉट एक आयटीआय वेल्डरच चालवतो. कॉम्प्युटरवाल्या मुलाला करंट, व्होल्टेज, वायरचा वेग जुळवता येईना. वेल्ड बघून काय बिघडलंय हे ज्याला कळतं तो थोड्या सरावात पॉइंट शिकवायला लागतो.

त्याने आता तीन गोष्टी धराव्यात. ड्रॉइंग वाचणं, त्यात वेल्डची चिन्हं नीट. मिग (वायरचं वेल्डिंग) आणि टिग दोन्हीचा हात. आणि सीएनसी-कॅडची तोंडओळख. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये अभ्यासक्रम आहेत, चिंचवडला इमटमा या मशीन उत्पादकांच्या संघटनेचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहिली नोकरी अप्रेंटिस म्हणून घेतली तरी चालेल, पण जिथे ब्रेक, लेझर, वेल्डिंग एका छताखाली आहे अशा ठिकाणी घ्यावी, म्हणजे सगळं नजरेखालून जातं. रुजू होण्याआधी शॉपमध्ये एक चक्कर मारू द्या असं त्याने सांगावं. धूर ओढणारे पाइप टॉर्चपाशी आहेत का, वेल्डरांच्या तोंडाला काय आहे, एसएस आणि अ‍ॅल्युमिनियमचं ग्राइंडिंग एकाच धूळ-पिशवीत चाललंय का, हे बघावं. अ‍ॅल्युमिनियमची धूळ ठिणगीने पेट घेते. तसं दिसलं तर दुसरीकडे अर्ज करावा.